गजभारे सरांची दोन माणसांची ट्रिप

"मॅडम, गाडी जरा मोठी करता का?"

गजभारे सरांचा हा आठवड्यातला तिसरा फोन. पहिल्या फोनला माणसं दोन होती. दुसऱ्याला सहा झाली. मी पेन उचललं आणि विचारलं, "आता किती?"

"सतरा," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"सर, सतरा?"

"मी काही बोललो न्हाई हो मॅडम. मॉर्निंग वॉकला टेकाळे साहेबांनी विचारलं, कुठं निघालात. आता समोरच्याला कुठं निघालो ते सांगायचं, अन् नुस्तं गप बसायचं, हे बरं दिसतं का? मी आपलं म्हणलं, चला की तुम्ही बी."

"आणि ते हो म्हणाले."

"हाव. अन् मंग त्यांनी पुढं सगळ्या कॉलनीला म्हणलं."

मी डोक्याला हात लावला.

नांदेडला माझं टूर्सचं छोटं ऑफिस आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीवर नकाशा आणि मी. चौदा वर्षं हेच करते. आमच्या धंद्यात दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात. एक एफआयटी, म्हणजे आपापलं जाणारं जोडपं किंवा कुटुंब. त्यांची गाडी वेगळी, वेळ वेगळी, मनाला येईल तिथं थांबायचं. दुसरा ग्रुप. एक बस, एकच वेळ, सगळ्यांनी एकदम जेवायचं आणि एकदमच बाथरूमला जायचं. एफआयटीत माणसं माझं ऐकतात. ग्रुपमध्ये मी माणसांचं ऐकते. एफआयटीचा ग्रुप होणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत घडत होती.

एरवी मी निमूट मोठी गाडी लावली असती. पण ही ट्रिप कशासाठी होती, ते मला माहीत होतं.

महिन्याभरापूर्वी सर ऑफिसात आले होते. रिटायर्ड माणूस. किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. वसतिगृहाचा अधीक्षक म्हणजे चोवीस तास तिथंच. पोरं आजारी पडली की हा, पळून गेली की शोधायला हा. बायको कौसल्याबाई इकडे नांदेडात, सरांचे आई-वडील आणि मुलगा सांभाळत. तीस वर्षं असंच. सर महिन्यातून एखादा रविवार घरी यायचे, तोही कपडे धुण्यात जायचा.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. उतारावर द्राक्षाच्या रांगा, पलीकडे धरणाचं पाणी, आणि अलीकडे एक टेबल, दोन खुर्च्या.

"हे कुठं हाय मॅडम?"

"नाशिकला. वायनरी आहे. म्हणजे द्राक्षाची वाइन करतात तिथं."

"आम्ही घेत न्हाई."

"नका घेऊ. ज्यूस मिळतो. बसायला मिळतं."

"बसायचंच हाय," सर म्हणाले. "पोरानं हा फोटो पाठवला तर ही म्हणली, इथं दोघांनी निवांत बसायला मिळालं तरी लई झालं. चौतीस वर्सांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं, मॅडम."

मग बाकीचं कळलं. सून पुण्याला, सातवा महिना. बाळंतपण झालं की कौसल्याबाई तिकडे जाणार. सुनेची नोकरी, त्यामुळे लेकरू जरा मोठं होईपर्यंत तिथंच राहायचं. आणि सर? सरांची आई अंथरुणावर. तिला हलवता येत नाही. म्हणजे रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं, की हे दोघं पुन्हा दोन गावांत. सरांची देवणीला दिलेली बहीण तीन दिवस आईजवळ येऊन राहणार होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. त्या तीन दिवसांत त्या दोन खुर्च्या आणि ते टेबल झालं पाहिजे. शिवाय सरांना बायकोला त्रिरश्मी लेणी दाखवायची होती, ज्यांना बहुतेक लोक पांडवलेणी म्हणतात.

मी नेटानं बुकिंग केलं. गंगापूर रोडच्या हॉटेलात वरच्या मजल्यावरची एकच रूम अशी होती, जिच्या बाल्कनीतून द्राक्षाचे मळे दिसतात. ती घेतली. वायनरीत शनिवारी संध्याकाळी साडेपाचचं, कठड्याजवळचं, दोघांचं टेबल घेतलं. तिथल्या मॅनेजरला तीन वेळा फोन केला.

आणि आता सतरा माणसं.

"सर, त्यांना सरळ सांगू का, की जागा नाही?"

"न्हाई न्हाई. वाईट दिसल."

हे दोन शब्द मी ट्रिपचे तिन्ही दिवस इतक्या वेळा ऐकले, की शेवटी माझ्या कानात वाजायला लागले.

शुक्रवारी पहाटे पाचला कॉलनीच्या गेटवर शिट्टी वाजली. टेकाळे काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. स्टँडवरच्या गाड्या सोडणारा माणूस. नोकरी गेली, शिट्टी राहिली. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, मोजलं, आणि मला म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही काळजी सोडा. मी हाय."

मी सीटिंग चार्ट केला होता. सर आणि बाई डाव्या बाजूच्या दोनच्या सीटवर, खिडकीशी. चार्ट मी हातात धरून उभी होते, तेवढ्यात टेकाळे काकूंनी मागून हाक दिली. "कौसल्याताई, इकडं या, बाया सगळ्या मागं बसून राहिल्यात." बाई मागे गेल्या. काकांनी सरांना पुढे ओढलं. आमचा ड्रायव्हर सलीमभाई माझ्या चार्टकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये कागज काच पुसने को देव." मी दिला.

नाशिकपर्यंत अकरा तास लागले. भाकरी, ठेचा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सगळं बसमध्ये पुढे-मागे फिरत होतं. डबा मागून पुढे सरांकडे यायचा आणि रिकामा होऊन परत बाईंकडे जायचा. नवरा-बायकोचं त्या दिवसातलं बोलणं एवढंच.

हॉटेलवर पोचल्यावर खरी मजा. आमच्यात रूमिंग लिस्ट नावाचा एक कागद असतो. कोण कुणाबरोबर कुठल्या खोलीत, हे हॉटेलला आधीच कळवायचं. आठ जोडपी आणि काकूंची एकटी बहीण, अशा नऊ रूम. काकूंनी तो कागद वाचला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला.

"हे असं जोडीजोडीनं कुठं झोपायचं, मॅडम? लगीनघरात झोपतो तसं झोपू. बाया वर, गडी खाली."

"काकू, रूम दोघांच्याच आहेत."

"फरशीवर गाद्या टाकायच्या की."

रिसेप्शनवरचा मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पाच मिनिटांत हॉटेलच्या गाद्या जिन्यातून वर चालल्या. आणि बाल्कनीची ती रूम? तिथून छान दिसतं म्हणून बायकांनी ती बसायची खोली करून टाकली. मी वर गेले तेव्हा आठ जणी बेडवर आणि एक जण जमिनीवर. मळे बघायला कुणीच उठलं नव्हतं. कौसल्याबाई मधोमध बसून सगळ्यांना चहा देत होत्या.

खाली सर टेकाळे काकांच्या रूममध्ये होते. मी दार वाजवलं आणि चिडूनच बोलले. "सर, ती रूम तुमची आहे. मी भांडते. तुम्ही फक्त हो म्हणा."

"असू द्या मॅडम. उद्याचं टेबल हाय ना?"

"आहे."

"मंग झालं तर."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि खरं सांगायचं तर काकूंपेक्षा जास्त राग मला सरांचाच आला होता. जो माणूस तीस वर्षं दीडशे पोरांना शिस्तीत ठेवतो, त्याला एका टेकाळे काकूंपुढे तोंड उघडता येऊ नये?

शनिवारी सकाळी लेणी. ठरलं असं होतं, की सर आणि बाई दोघंच जातील, बाकीचे हॉटेलवर आरामात नाश्ता करतील. मी काल रात्री जेवताना सगळ्यांसमोर हे सांगितलंही होतं. सकाळी खाली आले तर सतराही जण आंघोळ करून तयार.

"सरांची लेणी हाय," टेकाळे काका म्हणाले. "आपण न्हाई गेलो तर वाईट दिसल." आणि शिट्टी.

पायथ्याशी उतरलो. पायऱ्या बघून काकू मटकन खाली बसल्या. त्यांचा गुडघा दुखरा. "तुम्ही जावा सगळे. मी बसते हितंच."

कौसल्याबाई तीन पायऱ्या चढल्या होत्या. मागे वळल्या, खाली आल्या आणि काकूंशेजारी बसल्या.

मी म्हणाले, "बाई, मी थांबते काकूंजवळ. तुम्ही जा वर."

"असू द्या हो मॅडम. एकटं बसवून कसं जायचं?"

मी विनवण्या केल्या. काकूंनी केल्या. बाई हलल्या नाहीत. तिकडे वर सर लेण्यांसमोर उभे राहून सगळ्यांना समजावून सांगत होते. भिक्खू पावसाळ्यात इथं कसे राहायचे, ओसरी कशी कोरली, शिलालेख कुठला. सांगत छान होते, लोक ऐकत होते, आणि सरांची नजर सारखी पायऱ्यांकडे. तासाभरानं खाली आले.

"तू आलीच न्हाई वर?"

"फोटो दावा की," बाई म्हणाल्या.

सरांनी मोबाइल पुढे केला. फोटोत टेकाळे काका, शिट्टी आणि त्यांच्या मागे थोडंसं लेणं.

मला तिथंच रडायला आलं असतं, पण टूर मॅनेजरनं गिऱ्हाइकासमोर रडायचं नसतं. मी पाण्याच्या बाटल्या वाटल्या.

आता उरलं होतं एक टेबल. माझा प्लॅन पक्का होता. दुपारी तीनला ग्रुप बसनं त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जाईल. सर आणि बाई टॅक्सीनं वायनरीला. दर्शनाची रांग लांब असते, ग्रुप आठच्या आत परत येत नाही. हा प्लॅन मी दोन वेळा तपासला होता.

दुपारचं जेवण झालं. टेकाळे काका उभे राहिले, शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "प्रोग्राममध्ये बदल. सर न्हाईत तर दर्शनाला काय मजा? आधी सगळे मिळून सरांबरोबर वायनरी, मंग टाइम राहिला तर त्र्यंबक."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही. मी बघितलं, सर टाळ्या वाजवत होते आणि कौसल्याबाई ताटातल्या उरलेल्या भाताचे गोळे करत होत्या.

मी काकूंना हाताला धरून लॉबीत नेलं. सोफ्यावर बसवलं. आणि चौदा वर्षांत गिऱ्हाइकाशी जशी कधी बोलले नव्हते, तशी बोलले.

"काकू, ही ट्रिप तुमची नाही. त्या दोघांची आहे. ते चौतीस वर्षांत कुठं गेले नाहीत. पुढच्या महिन्यात बाई पुण्याला चालल्यात, सर इथं राहणार. त्यांना एक टेबल आणि दोन खुर्च्या पाहिजेत. बाकी काही नको. आणि तुम्ही सगळे त्या टेबलावर बसायला निघालात!"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं.

"मंग सर म्हणले कशाला, चला म्हणून?"

"तुम्ही हो म्हणालात कशाला?"

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "मॅडम, मला कुठं यायचं होतं? लातूरला माझ्या भाचीचं डोहाळजेवण हाय आज. ते सोडून आले मी. ती रुसून बसलीय."

"मग का आलात?"

"सर आपल्या तोंडानं चला म्हणले. आम्ही न्हाई म्हणलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? हे लोक आमच्यासंगं यायला मागत न्हाईत, असंच की. वीस वर्सं एकमेकांच्या घरी जेवून राहिलो. तरी असली गोष्ट मनात येतीच, मॅडम. ती त्यांच्या मनात यायला नको म्हणून तर आलो."

सर बौद्ध, टेकाळे मराठा. दोन दिवसांत हे कुणी बोललं नव्हतं, आणि बोलायची कुणाला गरजही वाटली नव्हती. मी मात्र कालपासून या बाईला मनातल्या मनात नको नको ते म्हणत होते.

"म्हणजे," मी म्हणाले, "सरांना तुम्ही यायला नको होतात. तुम्हाला यायचं नव्हतं. आणि तरी सतरा जण इथं आलोय."

"हाव," काकू म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या.

मग त्या उठल्या. जेवणाच्या हॉलमध्ये गेल्या, नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टी ओढून काढली आणि स्वतः वाजवली. "वायनरी-बियनरी काही न्हाई. दर्शन. बसा गाडीत."

"अन् सर?" काका म्हणाले.

"सरांना काम हाय."

"कसलं काम?"

"तुम्ही बसा म्हणलं ना!"

कौसल्याबाई सवयीनं बसकडे निघाल्या. काकूंनी त्यांचा दंड धरला, टॅक्सीचं दार उघडलं आणि त्यांना अक्षरशः आत लोटलं. "माझ्या गुडघ्यासाठी सकाळी बसलीस ना? आता माझ्यासाठी एवढं कर." सलीमभाईनं लगेच बस काढली. कुणी उतरून परत येईल, याची त्यालाही भीती असावी.

मी ग्रुप सोडून कधी जात नाही. तो नियम त्या दिवशी मोडला. टॅक्सीत पुढे बसून वायनरीवर गेले, कारण त्या टेबलावर आता माझा भरवसा कुणावरच नव्हता.

टेबल होतं. फोटोतल्यासारखंच. खाली रांगाच रांगा, द्राक्षांचे घड लागलेले, पलीकडे पाणी, ऊन तिरपं झालेलं. सर आधी उभेच राहिले. बाईंनी खुर्ची हातानं पुसली, ती स्वच्छच होती, आणि बसल्या. मी दहा पावलांवर भिंतीला टेकून उभी राहिले.

मिनिटभरानं बाईंनी मला बघितलं.

"मॅडम, उभ्या कशाला? या की. बसा की तुम्ही बी."

सर तर उठलेच. शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढायला लागले. मी सकाळपासून उभी होते. पाय भरून आले होते. आणि आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला अशा वेळी काय करायचं ते माहीत असतं. थोडं नको नको म्हणायचं आणि बसायचं. मोठी माणसं बोलावतात, नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

"नाही," मी म्हणाले. "मला बसायचं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. खरंच वाईट दिसलं. मी दिसू दिलं, वळले आणि पार्किंगपाशी जाऊन कठड्यावर बसले.

तिथून दोघांच्या पाठी दिसत होत्या. काय बोलले ते मला माहीत नाही. मग बाईंनी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली. पिशवीतून डबा काढला. बाहेरचं खाणं तिथं चालत नाही, तशी पाटीच आहे. वेटर निघाला टेबलाकडे. वाटेत त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो तसाच आत गेला. सरांनी दशमीचा तुकडा मोडला आणि आधी बाईंच्या हातावर ठेवला. सूर्य पाण्यात जाईपर्यंत दोघं बसून होते. दीड तास. मी घड्याळ लावलं होतं.

रविवारी सगळे परत आलो. बसमध्ये काकूंनी कुणाला काही न विचारता सर आणि बाईंना डावीकडच्या खिडकीशी बसवलं. टेकाळे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही, की सरांना कसलं काम होतं.

यातून मी एक शिकले. आता माझ्या बुकिंग फॉर्मवर नाव, वय, फोन यांच्या खाली एक ओळ छापलेली आहे: 'या प्रवासाबद्दल आणखी कुणाला सांगितले आहे काय? नसल्यास निघेपर्यंत सांगू नये.' लोक हसतात. मी हसत नाही.

कौसल्याबाई ठरल्याप्रमाणे पुण्याला गेल्या. नात झाली. चारेक महिन्यांनी सरांचा फोन आला. देवणीची बहीण पुन्हा तीन दिवस येणार होती, तेवढ्यात पुण्याला जाऊन यायचं होतं.

"किती तिकिटं?" मी सावधपणे विचारलं.

"एकच."

"कुणाला बोललात?"

"कुणाला न्हाई. टेकाळे साहेब रोज भेटतात, तर रस्ता बदलला मी वॉकचा. फक्त तुम्हाला सांगून राहिलो." सर थांबले. आता कुठं जायचं ते समोरच्याला सांगून झालं होतं आणि नुसतं गप्प बसणं त्यांना जमेना. मला फोनमधून ती घालमेल ऐकू येत होती.

"मॅडम," ते शेवटी म्हणालेच, "चला की मंग तुम्ही बी."

"नाही येत," मी म्हणाले आणि एकच तिकीट काढलं.